यादी एकाची, फटका दुसऱ्याला

लग्नाच्या पाहुण्यांची यादी गूगल शीटवर केलेली आहे. आत्याने ती गावांप्रमाणे लावली आहे, कारण पत्रिका वाटायला कोणी कुठल्या रस्त्याने जायचं हे तिने त्यावरूनच ठरवलं आहे. रात्री भाचा फोनवर तीच यादी उघडतो. एक नाव सापडत नाही म्हणून अख्खी यादी अकारविल्हे लावतो, नाव शोधतो आणि झोपून जातो. त्याचं काम झालं. सकाळी आत्या यादी उघडते तर सोलापूरच्या खाली सांगली, सांगलीच्या खाली नागपूर. एकही नाव गेलेलं नाही, चुकीचं काही लिहिलेलं नाही, तरी आत्याचं दोन दिवसांचं काम पाण्यात!

भाच्याला वाटतं, मी तर फक्त बघितलं. इथेच खरी गंमत आहे. त्याने यादी बघितली नव्हती, बदलली होती. आणि ती यादी त्याच्या एकट्याची नव्हती.

प्रोग्रॅमिंग करणारी मंडळी या प्रकाराला ‘साइड इफेक्ट’ म्हणतात. औषधाचा असतो तसाच. डोकं दुखायचं थांबतं, पण पोट बिघडतं. प्रोग्रॅम मागितलेलं उत्तर बरोबर देतो आणि जाता जाता दुसरीकडे काहीतरी हलवून ठेवतो. आज हा प्रकार आपण त्याच्या माहेरी जाऊन समजून घेऊ. माहेराचं नाव आहे लिस्प. घाबरू नका, कोडिंग येत नसलं तरी चालेल. वाटेत आपण तंजावरजवळच्या ओरत्तनाडुलाही जाणार आहोत.

यादीवर उभी असलेली भाषा

लिस्प ही संगणकाच्या सगळ्यात जुन्या भाषांपैकी एक. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तिची आखणी सुरू केली आणि १९६० मध्ये त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख छापून आला. ‘लिस्ट प्रोसेसिंग’ या दोन शब्दांवरून लिस्प हे नाव आलं. म्हणजे याद्यांवर काम करणारी भाषा. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं सुरुवातीचं कितीतरी संशोधन याच भाषेत झालं. तुमच्या ओळखीत कुणी ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढत असेल तर त्यांना विचारा, त्या सॉफ्टवेअरमध्ये लिस्पचीच एक बहीण आहे, ऑटोलिस्प.

लिस्पमध्ये यादी कशी साठवली जाते हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. आपण कागदावर यादी लिहितो तेव्हा नावं एकाखाली एक येतात आणि सगळी एकाच कागदावर असतात. लिस्पमध्ये तसं नसतं. तिथे प्रत्येक नावाची एक छोटी खोली असते. खोलीचे दोन भाग. एकात नाव, दुसऱ्यात पुढची खोली कुठे आहे त्याचा पत्ता. पहिल्या खोलीत शिरलं की तिथे दुसरीचा पत्ता मिळतो, दुसरीत तिसरीचा. शेवटच्या खोलीत पाटी असते, ‘पुढे काही नाही’. खोली बांधण्याच्या कामाला लिस्पमध्ये ‘कॉन्स’ म्हणतात, नावाच्या भागाला ‘कार’ आणि पत्त्याच्या भागाला ‘कुडर’.

ओरत्तनाडुचा थांबा

आता या खोल्या डोळ्यांसमोर आणायच्या तर तंजावरच्या मराठी राजांनी आपली चांगलीच सोय करून ठेवली आहे.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागतं. इथे सरफोजी राजे दुसरे यांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्रम बांधलं. मुक्तांबा ही त्यांची अतिशय लाडकी. तिच्या नावाने हे छत्र उभं राहिलं आणि गावाला मुक्तांबाळपुरम असंही नाव मिळालं. छत्रम म्हणजे आपलं अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि मुक्काम मिळायचा. १७९९ च्या तहानंतर तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेला होता, तरी राजांनी छत्रांचं काम सोडलं नाही. तंजावरपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत अशी अनेक छत्रं होती. आजच्या मोबाइल नकाशाच्या काळात कल्पना करणं अवघड आहे, पण पायी जाणाऱ्या माणसाला पूर्ण रस्ता पाठ असण्याची गरज नसते. आजचा मुक्काम माहीत असला आणि तिथे कुणी पुढच्या मुक्कामाचा रस्ता सांगणारं असलं की झालं.

लिस्पची यादी अशीच असते. प्रत्येक मुक्काम म्हणजे एक खोली, आणि प्रत्येक मुक्कामावर पुढच्या गावाची पाटी.

आता दोन यात्रेकरू घेऊ. एक कुंभकोणमहून निघाला, दुसरा त्रिचीहून. दोघांनाही रामेश्वरला जायचं आहे. मधली सगळी गावं न मोजता त्यांच्या वाटा अशा लिहू:

पहिली वाट: (कुंभकोणम तंजावर ओरत्तनाडु पट्टुकोट्टई मीमिसल रामेश्वर)

दुसरी वाट: (त्रिची तंजावर ओरत्तनाडु पट्टुकोट्टई मीमिसल रामेश्वर)

कागदावर या दोन वेगळ्या याद्या दिसतात. जमिनीवर मात्र तंजावरपासून पुढचा रस्ता एकच आहे. ओरत्तनाडुला दोन छत्रं नाहीत, एकच आहे, आणि तिथली पाटीही एकच. लिस्पसुद्धा असंच करू शकते. तंजावरपासूनच्या खोल्या एकदाच बांधायच्या आणि दोन्ही याद्यांनी त्याच वापरायच्या. जागा वाचते, वेळ वाचतो. कुणी पाट्यांना हात लावत नाही तोवर यात काहीच अडचण नाही.

पाटी बदलणारे आणि न बदलणारे

लिस्पमध्ये एकाच कामासाठी बऱ्याचदा दोन प्रकारची फंक्शन्स मिळतात. एक सरळमार्गी, जे जुन्याला न दुखावता नवीन यादी बनवून देतं. दुसरं तोडफोड करणारं, जे आहे त्याच यादीतल्या पाट्या बदलून काम उरकतं. या दुसऱ्या प्रकाराला ‘डिस्ट्रक्टिव्ह’ म्हणजे विध्वंसक फंक्शन असंच नाव आहे.

नाव गाळायचं असेल तर ‘रिमूव्ह’ सरळमार्गी आणि ‘डिलीट’ विध्वंसक. दोन याद्या जोडायच्या तर ‘अपेंड’ सरळमार्गी आणि ‘एनकॉन्क’ विध्वंसक. यादी उलटी करायची तर ‘रिव्हर्स’ आणि ‘एनरिव्हर्स’. क्रमाने लावणारं ‘सॉर्ट’ मात्र एकटंच आहे आणि ते विध्वंसक आहे. नावावरून काही कळत नाही, म्हणून नवीन शिकणारे तिथे हमखास अडकतात.

समजा, कुंभकोणमच्या यात्रेकरूला ओरत्तनाडुला थांबायचं नाही. त्याने पहिल्या वाटेवर ‘डिलीट’ चालवलं. काय होतं? तंजावरच्या पाटीवर ‘पुढे ओरत्तनाडु’ होतं, ते पुसून ‘पुढे पट्टुकोट्टई’ असं लिहिलं जातं. त्याचं काम झालं. पण त्रिचीचा यात्रेकरूही तंजावरची तीच पाटी वाचतो! त्याला ओरत्तनाडुला जेवायचं होतं, त्याने कुणाला काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्याच्या वाटेतून छत्र गायब झालं.

‘रिमूव्ह’ चालवलं असतं तर? कुंभकोणम आणि तंजावर अशा दोन नवीन खोल्या बांधल्या गेल्या असत्या. नव्या तंजावरच्या पाटीवर पट्टुकोट्टई, जुन्या तंजावरच्या पाटीवर ओरत्तनाडु. दोन खोल्यांचा जास्तीचा खर्च झाला, पण दोघेही आपापल्या मनासारखे गेले असते.

जोडण्याचंही तेच. पहिल्या वाटेला ‘एनकॉन्क’ने धनुष्कोडी जोडलं तर रामेश्वरच्या पाटीवर ‘पुढे धनुष्कोडी’ लिहिलं जातं, आणि दोन्ही यात्रेकरू तिकडे चालू लागतात.

आता सगळ्यात मजेशीर प्रकार. कुंभकोणमचा यात्रेकरू रामेश्वरला पोचला. परतीची वाट हवी म्हणून त्याने पहिल्या वाटेवर ‘एनरिव्हर्स’ चालवलं. हे फंक्शन साधारणपणे प्रत्येक पाटीचं तोंड फिरवतं. रामेश्वरच्या पाटीवर मीमिसल, मीमिसलच्या पाटीवर पट्टुकोट्टई, असं करत करत तंजावरच्या पाटीवर कुंभकोणम. परतीची यादी अगदी बरोबर मिळाली. पण त्याच वेळी त्रिचीहून निघालेल्याचं काय? तो तंजावरला येतो, पाटी वाचतो आणि कुंभकोणमला जातो. तिथे पाटी आहे, ‘पुढे काही नाही’. त्याची वाट आता झाली (त्रिची तंजावर कुंभकोणम). रामेश्वरला निघालेला माणूस कुंभकोणमला संपला!

यात संगणकाने चूक दाखवली का? नाही. लाल अक्षरं, धोक्याची खूण, काहीच नाही. दुसऱ्या वाटेला कुणी हातही लावला नव्हता. म्हणूनच अशी चूक शोधायला दिवसच्या दिवस जातात. जिथे त्रास दिसतो तिथे चूक नसते, आणि जिथे चूक असते तिथलं उत्तर बरोबर आलेलं असतं.

उत्तर बरोबर, यादी गायब

दुसऱ्याची यादी बिघडते हे झालं. पण या फंक्शन्समुळे स्वतःची यादीही हरवते.

समजा, एका यादीत (३ १ २) असे आकडे आहेत आणि आपण ती ‘सॉर्ट’ने चढत्या क्रमाने लावली. उत्तर आलं (१ २ ३). छान. मग आपण मूळ यादीचं नाव घेऊन ती पुन्हा बघतो, तर बऱ्याचदा तिथे फक्त (३) उरलेला दिसतो. १ आणि २ कुठे गेले? कुठेच नाहीत. यादीचं नाव हे खरं तर पहिल्या खोलीकडे दाखवलेलं बोट असतं. ते बोट आधीपासून ३ च्या खोलीकडे होतं, आताही तिकडेच आहे. पण क्रम लागल्यावर ३ ची खोली शेवटी गेली आणि तिच्या पाटीवर ‘पुढे काही नाही’ आलं. म्हणून लिस्पमध्ये नियम असा की विध्वंसक फंक्शनने परत दिलेलं उत्तर पकडायचं आणि त्यालाच जुनं नाव द्यायचं. जुन्या बोटावर विसंबायचं नाही.

‘डिलीट’मध्ये हाच घोटाळा उलटा होतो. यादीतलं पहिलंच नाव गाळलं तर मूळ नावाने बघताना ते अजून तिथेच दिसतं. पुसलं तरी पुसलं गेलं नाही असं वाटतं. बोट पहिल्या खोलीकडेच आहे ना!

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त फसवा वाटतो. प्रोग्रॅममध्येच एखादी तयार यादी लिहून ठेवलेली असते, आणि फंक्शन दर वेळी ती घेऊन तिच्या शेवटी ‘एनकॉन्क’ने काहीतरी जोडतं. पहिल्यांदा उत्तर बरोबर येतं. दुसऱ्यांदा मात्र पहिल्या वेळचं जोडलेलंही त्यात निघू शकतं. जणू पाककृतीच्या पुस्तकात ‘एक चमचा मीठ’ लिहिलेलं होतं आणि दर स्वयंपाकाला कुणीतरी पुस्तकातच आणखी एक चमचा लिहीत गेलं. १९९४ मध्ये कॉमन लिस्प या लिस्पच्या मोठ्या शाखेचं अधिकृत मानक आलं. प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या अशा तयार यादीत बदल केला तर काय होईल याची हमी नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

मग अशी फंक्शन्स ठेवलीच का?

रास्त प्रश्न. उत्तर आहे काटकसर. लिस्प पहिल्यांदा चालली ती आयबीएम ७०४ या संगणकावर. त्याच्या मेमरीत जास्तीत जास्त ३२,७६८ शब्द मावत, आणि इथे शब्द म्हणजे ३६ बिटांचा एक कप्पा. आपल्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. अशा घरात दर वेळी नव्या खोल्या बांधणं परवडत नव्हतं. जुन्याच खोल्या वापरल्या तर जागा वाचायची. ‘एनकॉन्क’ आणि ‘एनरिव्हर्स’मधला ‘एन’ हा ‘नवीन खोली न बांधता’ या अर्थाचा आहे असं सांगतात.

आजही ही फंक्शन्स वाईट नाहीत. यादी आपणच आत्ता बनवली असेल, दुसऱ्या कुणाचं तिच्याकडे बोट नसेल आणि काम झाल्यावर ती टाकूनच द्यायची असेल, तर खुशाल मोडतोड करावी. घासायच्या भांड्यात उरलेलं पीठ कालवतो, तसं. पाहुण्यांच्या ताटात तसं करत नाही.

नंतरच्या भाषांनी यातून धडा घेतला. लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीममध्ये अशा फंक्शनच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावायची पद्धत आहे, म्हणजे वाचणारा सावध होतो. २००७ मध्ये आलेल्या क्लोजरमध्ये तर साध्या याद्या बदलताच येत नाहीत. बदल हवा असेल तर नवीन यादी घ्या, जुनी जशीच्या तशी राहील.

शाळेतल्या पायथॉनमध्येही हेच

लिस्प कोण शिकतंय, असं म्हणाल. पण घरात अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं कुणी असेल तर ते पायथॉन शिकत असेल, आणि तिथेही हेच आहे.

एका वर्गाची नावं एका यादीत आहेत: आर्या, कबीर, मीनल. त्याच क्रमाने गुण दुसऱ्या यादीत: ६२, ९१, ४७. सगळ्यात जास्त गुण किती हे काढायला मुलाने गुणांच्या यादीवर ‘सॉर्ट’ चालवलं आणि शेवटचा आकडा घेतला. उत्तर ९१. अगदी बरोबर. पुढे त्याच प्रोग्रॅमने गुणपत्रिका छापली: आर्या ४७, कबीर ६२, मीनल ९१.

बघितलंत? एकही आकडा खोटा नाही, बेरीजही जुळते, सर्वाधिक गुणही बरोबर. फक्त तिघांपैकी एकाच्याही नावापुढे त्याचे गुण नाहीत. तीन नावं आहेत म्हणून आपल्याला दिसलं. तीनशे असती तर? म्हणून पायथॉनमध्ये अशा ठिकाणी ‘सॉर्टेड’ वापरायचं. ते नवीन यादी देतं, जुनीला हात लावत नाही.

आणखी एक. पायथॉनमध्ये एका यादीला दुसरं नाव दिलं की तिची प्रत होत नाही, एकाच यादीला दोन नावं होतात. बंड्या आणि श्रीनिवास हा एकच मुलगा असतो, तसं. बंड्याचे केस कापले की श्रीनिवासचेही कापले जातात. प्रत हवी असेल तर ‘कॉपी’ असं सांगून मागावी लागते. त्यातही बारकावा आहे. यादीच्या आत यादी असेल तर साधी कॉपी फक्त बाहेरच्या यादीची होते, आतल्या याद्या सामाईकच राहतात. लिस्पमध्ये यासाठी ‘कॉपी-लिस्ट’ आणि ‘कॉपी-ट्री’ अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत, पायथॉनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘डीपकॉपी’.

फोन हातात घ्या

आता कोडिंग बाजूला ठेवू. रोजच्या फोनमध्ये ‘रिमूव्ह’ आणि ‘डिलीट’ कुठे कुठे आहेत ते बघू.

• गूगल शीटवरची सामाईक यादी थेट सॉर्ट करू नका. ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा. क्रम फक्त तुमच्यापुरता बदलतो, बाकीच्यांना मूळ यादीच दिसते. आत्याची यादी त्यानेच वाचली असती.

• कुणी गूगल डॉकची लिंक पाठवली आणि आपल्याला त्यात फेरफार करून बघायचे असतील, तर आधी ‘मेक अ कॉपी’ करा. लिंक म्हणजे प्रत नव्हे. ते त्याच खोलीकडे दाखवलेलं आणखी एक बोट आहे.

• फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून बॅकअप झालेले फोटो डिलीट केले तर ते क्लाउडवरूनही जातात, आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या घरातल्या दुसऱ्या फोनवरूनही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. चुकून डिलीट झालेच तर घाबरू नका. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात.

• आजी-आजोबांच्या नव्या फोनवर मुलाचं किंवा सुनेचं गूगल खातं घातलेलं असतं. आजींनी ‘एवढी नावं कशाला’ म्हणून शंभर नंबर पुसले, की सुनेच्या फोनमधूनही ते जातात. त्यांना स्वतःचं खातं उघडून द्या. पुसून झालेच असतील तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये ३० दिवसांच्या आत शोधा.

कुठलंही बटण दाबण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे नवीन बनवून देणार आहे की आहे तेच बदलणार आहे? आणि आहे तेच बदलणार असेल, तर त्याकडे आणखी कुणाचं बोट आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर आधी प्रत काढा.

मुलांसाठी सुट्टीचं काम: कागदाच्या बारा चिठ्ठ्या घ्या. वरच्या दोन वाटा मांडा, पण तंजावरपासूनच्या चिठ्ठ्या दोघांत मिळून एकदाच ठेवा, म्हणजे सातच चिठ्ठ्या लागतील. पुढच्या गावाचे बाण पेन्सिलीने काढा. आता पहिली वाट फक्त बाण फिरवून उलटी करा आणि दुसऱ्या यात्रेकरूला चालवा. मग तेच काम उरलेल्या पाच चिठ्ठ्या वापरून असं करायचा प्रयत्न करा की त्रिचीवाला रामेश्वरला पोचलाच पाहिजे. पाच पुरतात का, की एक कमी पडते? उत्तर आजोबांना समजावून सांगता आलं, तर यादी कशी चालते ते तुम्हाला कळलं.